नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस (२९ ऑक्टोबर, १८५९ – १४ फेब्रुवारी, १९३६) हे भूचुंबकत्वाचे अभ्यासक आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. १८९६ ते १९१९ अशी तेवीस वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळा त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली.

पार्श्वभूमी

कुलाब्यास चुंबकीय वेध घेण्यास १८४१ मध्ये प्रारंभ झाला. मूस यांच्या जन्माच्या सुमारे दोन महिने आधी, १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी, कॅरिंग्टन वादळ या नावाने ओळखले जाणारे प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आले. एरवी ध्रुवांजवळच दिसणारा ध्रुवीय प्रकाश त्या वेळी उष्ण कटिबंधापर्यंत उतरला. कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून लिहून ठेवलेल्या आकड्यांत पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला आढळतो. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर मुंबईतही ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे.

ध्रुवीय प्रदेशापासून इतक्या दूर असलेल्या ठिकाणाचे महत्त्व काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांना साहजिकच पडेल. सूर्याकडून आलेल्या विद्युत्‌भारित कणांमुळे वादळकाळात विषुववृत्ताच्या वर, अवकाशात, पृथ्वीभोवती विद्युत्‌प्रवाहाचे कडे बळावते. त्यामुळे खालील क्षेत्राचा क्षैतिज घटक कमी होतो. ध्रुवाजवळील प्रवाहांचा गोंगाट येथे पोहोचत नसल्याने वादळाचे एकूण बळ कमी अक्षांशावरच नीट मोजता येते.

ट्राम आणि अलिबाग

मूस यांनी एडिंबरो विद्यापीठाची विज्ञान शाखेची पदवी घेतली होती. ते वेधशाळेत आले तेव्हा मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे ओढीत असत. लवकरच त्या विजेवर चालविण्याचा बेत पुढे आला. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून व जमिनीतून परततो आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र नाजूक उपकरणांना हलविते. शहराची सोय अडवून धरणे शक्य नव्हते. पण सुमारे साठ वर्षांची अखंड नोंद तुटली असती, तर ती पुन्हा सांधता आली नसती. वेधशाळाच हलवावी, असे ठरले. जागा निवडली गेली ती कुलाब्याच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबागची.

बांधकामात लोखंड टाळले गेले. कोकणातला काळा पाषाणही चालणार नव्हता, कारण बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिजे असतात. त्यासाठी पोरबंदरचा दगड वापरण्यात आला. उपकरणांच्या खोलीतील तापमान शक्यतो स्थिर राहील, अशीही रचना केली गेली. अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाले, तरी कुलाब्याचे वेध लगेच थांबविले गेले नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांतील फरक ठरविण्यात आला. जुने आकडे नव्या आकड्यांशी आज जोडता येतात ते या दोन वर्षांमुळे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते मूस यांच्या कारकिर्दीतील सर्वांत दूरदृष्टीचे काम हेच. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली.

ग्रंथ

१८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींचा मूस यांचा दोन भागांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात उपकरणे व आकडे, तर दुसऱ्यात त्यांची चर्चा आहे. वादळे घड्याळाच्या वेळेनुसार न मांडता ती सुरू झाल्या क्षणापासून तास मोजून एकत्र केली, की आरंभीची उसळी, नंतरची मोठी घसरण आणि सावकाश होणारी भरपाई हा समान क्रम स्पष्ट दिसतो. सिडनी चॅपमन यांनी पुढे ही पद्धत अधिक विस्ताराने वापरली.

नंतरचा काळ

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले. १९७१ पासून अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. या संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेल येथे असून अंटार्क्टिकावरील मैत्री केंद्रातही ती चुंबकीय वेध घेते. कॅरिंग्टन वादळाच्या वेळचे कुलाब्याचे आकडे २००३ मध्ये या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह पुन्हा अभ्यासून प्रसिद्ध केले.