आगपेट्या विकणाऱ्या मुलाची आगगाडी

आपल्या गासहून नालासोपारा स्टेशनात गेलं की लोकलवर लोकल धडधडत जातात. आपल्याला आगगाडीचं नवल ते काय? पण नेरळहून माथेरानचा डोंगर चढणारी छोटी गाडी ज्यांच्या पैशातून झाली, त्या सर आदमजी पीरभॉय यांचं नाव आमच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून मी हे लिहीत आहे.

आदमजींचा जन्म सुमारे १८४५ साली काठेवाडातील धोराजी येथे एका गरीब बोहरा कुटुंबात झाला. लहानपणीच ते मुंबईस आले व रस्त्यावर आगपेट्या विकू लागले. आगपेटीत नफा तो किती सुटणार! तरी हळूहळू धंदा वाढला. पुढे लष्कराला तंबू आणि बूट पुरवण्याचे काम मिळाले. धारावीत त्यांनी कातडी कमावण्याचा मोठा कारखाना चालवला. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. पैसा आला तसा त्यांनी दानधर्मही केला. चर्नी रोडला सॅनिटोरियम बांधले.

त्या काळी नेरळहून माथेरानला पायी, घोड्यावर नाहीतर पालखीत बसून जावे लागे. पालखीत बसणाऱ्याची मजा, पण उचलणाऱ्याच्या खांद्याचं काय? आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन माथेरानला वारंवार जात. रेल्वेची कल्पना त्यांची, कामावर देखरेखही त्यांचीच. वडिलांनी पैसा दिला, तोही सोळा लाख रुपये! म्हणून नुसतं बापाचं नाव घेणं मला बरोबर वाटत नाही. आणि डोंगर फोडणाऱ्या मजुरांची नावं तर कुठंच वाचायला मिळत नाहीत.

काम १९०४ साली सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. त्याच वर्षी आदमजींना सर हा किताब मिळाला.

रूळ अवघे दोन फूट रुंदीचे. चढ असा की वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. वळणंही फार. त्यासाठी जर्मनीहून चार वाफेची इंजिने आणली. बैलगाडीचा आस जागचा हलत नाही. या इंजिनांच्या मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांची जोडी वळणावर थोडी सरकत असे, त्यामुळे इंजिन रुळावरून न घसरता वळे. कुणाचं डोकं चाललं असेल!

आदमजी १९१३ साली वारले. त्यांची इंजिने मात्र १९८० नंतरही थोडी वर्षे चालली. मग सगळं काम डिझेलवर आलं. जुन्यांतलं एक इंजिन इंग्लंडला गेलं, तिथं ते जपून ठेवलं आहे.

२००५ च्या जुलैतल्या पावसाने रूळ वाहून गेले, ते २००७ साली नीट झाले. २०१९ च्या पावसात पुन्हा नुकसान झाले. नेरळहून थेट माथेरानपर्यंत गाडी परत जायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, वरच्या वर अमन लॉज ते माथेरान तेवढी चालते. तेव्हा जायचं तर पावसाळा सोडून जा. दादरला गाडी बदला आणि कर्जतची लोकल धरा.