योसानो अकिको

योसानो अकिको (जन्म : ७ डिसेंबर १८७८, साकाइ, मृत्यू : २९ मे १९४२, तोक्यो) या आधुनिक जपानी साहित्यातील अग्रगण्य कवयित्री, निबंधकार व अनुवादक होत्या. पाच ओळींच्या 'तांका' या प्राचीन काव्यप्रकाराला त्यांनी नवे रूप दिले. स्त्रीशिक्षण, स्त्रीचे आर्थिक स्वातंत्र्य आणि युद्ध या विषयांवरील त्यांच्या लेखनाने जपानी समाजात वाद उभे केले.

जन्म व शिक्षण

अकिको यांचे मूळ नाव हो शो. ओसाकाजवळील साकाइ या व्यापारी गावात त्यांच्या वडिलांचे 'सुरुगाया' नावाचे मिठाईचे दुकान होते. कडधान्याच्या गोड पुरणापासून केलेल्या 'योकान' नावाच्या वड्यांसाठी ते प्रसिद्ध होते. थोरले बंधू हिदेतारो तोक्योला जाऊन विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. अकिको यांचे शिक्षण मात्र गावातील मुलींच्या शाळेपुरते राहिले आणि दुकानाचा हिशोब व विक्री त्यांच्याकडे आली. कामातून उरलेल्या वेळात त्यांनी घरातील ग्रंथसंग्रह वाचून काढला. त्यात अकराव्या शतकातील मुरासाकी शिकिबू हिची 'गेंजी मोनोगातारी' ही कादंबरी होती. या ग्रंथाने त्यांना जन्मभर साथ दिली.

'मिदारेगामी'

तांका ही ५-७-५-७-७ अशा ध्वन्यवयवांची रचना आहे. मराठी वाचकांना परिचित असलेला हायकू याच परंपरेतून पुढे स्वतंत्र झाला. राजदरबारातील स्त्रियांनी या प्रकारात प्राचीन काळी श्रेष्ठ काव्य लिहिले होते. पुढील शतकांत मात्र तो ठरावीक संकेतांत अडकला. कवी योसानो तेक्कान यांनी १९०० मध्ये 'म्योजो' हे नियतकालिक काढले व तांका नव्याने घडविण्याचा प्रयत्न सुरू केला. त्याच वर्षी ते ओसाकाला आले असता अकिको आणि त्यांची कवयित्री मैत्रीण यामाकावा तोमिको यांची त्यांच्याशी भेट झाली. दोघीही त्यांच्याकडे ओढल्या गेल्या. तोमिको यांना घरच्यांनी ठरवलेला विवाह स्वीकारावा लागला. अकिको १९०१ मध्ये घर सोडून तोक्योला गेल्या आणि तेक्कान यांचा पूर्वीचा संसार मोडल्यानंतर त्यांच्याशी विवाहबद्ध झाल्या.

ऑगस्ट १९०१ मध्ये 'मिदारेगामी' (विस्कटलेले केस) हा त्यांचा पहिला संग्रह निघाला. त्यात ३९९ तांका आहेत. तरुण स्त्रीचे शरीर, तिची इच्छा आणि तारुण्याचा अभिमान हे विषय त्यात स्त्रीच्याच तोंडून निःसंकोचपणे आले. सासाकी नोबुत्सुना यांच्यासारख्या कवींनी त्यावर अनीतीचा ठपका ठेवला, तर समीक्षक उएदा बिन यांनी त्याचे स्वागत केले. तरुण वाचकांत तो अतिशय लोकप्रिय झाला.

युद्धविषयक कविता व वाद

रशिया-जपान युद्धात त्यांचे धाकटे बंधू पोर्ट आर्थरच्या आघाडीवर असल्याचे समजल्यावर सप्टेंबर १९०४ मध्ये त्यांनी 'म्योजो'त एक दीर्घ कविता प्रसिद्ध केली. तू मरू नकोस, अशी भावाला केलेली ही विनवणी आहे. व्यापाऱ्याच्या घराला त्या किल्ल्याच्या जयपराजयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न त्यात येतो. सम्राट स्वतः रणांगणावर जात नाहीत, हेही त्या बोलून दाखवतात. समीक्षक ओमाची केइगेत्सु यांनी ही कविता देशद्रोही ठरवली. अकिको यांनी जाहीर उत्तर देऊन, मनातील खरे ते सांगणे हेच कवीचे काम आहे, अशी भूमिका मांडली. बंधू युद्धातून सुखरूप परतले.

संसार व लेखन

अकिको यांनी अकरा मुले वाढवली. १९०८ मध्ये शंभराव्या अंकानंतर 'म्योजो' बंद पडले. तेक्कान यांचे नाव मागे पडत गेले आणि घरखर्चाचा मुख्य भार अकिको यांच्या लेखणीवर आला. तेक्कान यांना १९११ मध्ये युरोपला पाठवण्यासाठी त्यांनी आपल्या शंभर तांका हाताने लिहिलेले घडीचे पडदे विकले. पुढच्या वर्षी त्या स्वतः सैबेरियामार्गे रेल्वेने पॅरिसला गेल्या. तेथे त्यांची शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांच्याशी भेट झाली. १९१३ मध्ये जन्मलेल्या चौथ्या मुलाचे नाव त्यांनी 'ऑग्युस्त' ठेवले.

'गेंजी मोनोगातारी'चा त्यांनी केलेला संक्षिप्त आधुनिक अनुवाद १९१२-१३ मध्ये चार खंडांत निघाला. त्यानंतर अनेक वर्षे खपून लिहिलेल्या त्याच ग्रंथावरील टीकेची हस्तलिखिते १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाली. तरीही त्यांनी पुन्हा काम हाती घेतले व संपूर्ण अनुवाद १९३८-३९ मध्ये पूर्ण केला.

स्त्रीविषयक विचार

१९११ मध्ये सुरू झालेल्या 'सेइतो' या स्त्रियांच्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकाचा प्रारंभ अकिको यांच्या कवितेने झाला. १९१८-१९ मध्ये मात्र 'सेइतो'च्या संस्थापक हिरात्सुका राइचो यांच्याशीच त्यांचा मतभेद झाला. मातांना शासनाने अर्थसाहाय्य द्यावे, असे राइचो यांचे म्हणणे होते. पतीवर असो वा शासनावर, अवलंबून राहणे हे परावलंबनच होय. पालकत्वाची जबाबदारी स्त्रीपुरुषांनी स्वकष्टाने उचलावी, असे अकिको यांचे मत होते. यामाकावा किकुए यांनी दोन्ही बाजूंची समाजवादी दृष्टीने चिकित्सा केली. ही चर्चा 'मातृत्व-संरक्षण वाद' म्हणून ओळखली जाते. १९२१ मध्ये निशिमुरा इसाकु यांच्यासह त्यांनी तोक्योत 'बुन्का गाकुइन' ही मुलामुलींना एकत्र शिकवणारी शाळा स्थापन केली.

उत्तरायुष्य

१९२८ मध्ये दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या निमंत्रणावरून अकिको व तेक्कान यांनी मांचुरिया-मंगोलियाचा प्रवास केला. १९३० नंतर अकिको यांच्या लेखनात चीनमधील जपानी लष्करी कारवाईचे समर्थन दिसू लागते. १९४२ मध्ये, नौदलात अधिकारी झालेल्या चौथ्या मुलाला शौर्याने लढण्यास सांगणारी तांका त्यांनी लिहिली. भावाला जिवंत राहण्याची विनवणी करणारी कवयित्री येथवर कशी आली, हा त्यांच्या अभ्यासकांपुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. केवळ १९०४ च्या कवितेवरून त्यांना शांततावादी म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

१९३५ मध्ये तेक्कान यांचे निधन झाले. १९४० मध्ये अकिको यांना पक्षाघात झाला आणि २९ मे १९४२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. 'हाकुओशू' हा त्यांचा अखेरचा तांकासंग्रह त्याच वर्षी मरणोत्तर प्रसिद्ध झाला. युद्धोत्तर जपानमध्ये त्यांची भावाला उद्देशून लिहिलेली कविता पुन्हा मोठ्या प्रमाणावर वाचली जाऊ लागली. साकाइ येथे २०१५ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात त्यांच्या जीवनाला व साहित्याला वाहिलेले दालन आहे.