मलबार हिलवरील रुग्ण

बॅरिस्टर महंमद अली जिना यांचा जन्म कराचीचा, १८७६ सालचा. पण वकिलीत नाव कमावले ते मुंबईच्या उच्च न्यायालयात. मलबार हिलवर त्यांनी टोलेजंग बंगला बांधला आणि याच शहरात ते डॉ. जाल पटेल यांचे रुग्ण झाले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम अॅट मिडनाइट’ या ग्रंथातील हकिकत खरी मानली, तर जिनांची फुप्फुसे क्षयाने पोखरल्याचे डॉ. पटेलांना क्ष-किरण चित्रांवरून फाळणीपूर्वीच कळले होते. ती चित्रे त्यांनी कुलपात ठेवली. ना सरकारला सुगावा लागला, ना काँग्रेसला. हे ठाऊक असते तर आपण वेगळे वागलो असतो, अशी कबुली माउंटबॅटन यांनी पुढे दिली.

मग देशहितासाठी डॉक्टरांनी तोंड उघडावयास हवे होते काय? आमच्या मते नाही. हित ही फार सैल पिशवी आहे. तीत जिनांचा क्षय मावत असेल, तर मालकाच्या हितासाठी म्हसा येथील शेतमजुराचा क्षयही चव्हाट्यावर आणता येईल. आणि तो काही बॅरिस्टर नव्हे! २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णांना गुप्ततेचा हक्क लेखी दिला. डॉ. पटेलांना अशा कलमाची गरज भासली नव्हती.

जुलै १९४८ मध्ये झियारत येथे डॉ. इलाही बक्ष यांनी क्षयाचे निदान केले. ते आपल्या भगिनीस आधीच सांगितल्याचे जिनांना रुचले नाही. ११ सप्टेंबरला ते निवर्तले. पुढल्याच वर्षी त्यांच्या अखेरच्या दिवसांवर डॉ. बक्ष यांचे पुस्तक निघाले.