मज्जारज्जूच्या रुग्णांना जगवणारे डॉ. गुटमन

घाटकोपरच्या दहीहंडीत वरच्या थरावरून कोसळलेला गोविंदा असो, की मुलुंडजवळ द्रुतगती मार्गावर दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण. मानेचा मणका मोडून मज्जारज्जूला इजा झाली, तरी आज त्याला वाचवण्याची शर्थ केली जाते. शंभर वर्षांपूर्वी असा रुग्ण काही आठवड्यांचाच सोबती मानला जाई. हे चित्र बदलण्यात मोठा वाटा डॉ. लुडविग गुटमन यांचा.

३ जुलै १८९९ रोजी तेव्हाच्या जर्मनीतील टोस्ट गावी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१७ मध्ये ते एका अपघात रुग्णालयात मदतनीस असताना कणा मोडलेला एक धडधाकट खाणकामगार तेथे आला. तो वाचणार नाही, त्याच्या नोंदी लिहिण्यात वेळ घालवू नये, असे त्यांना सांगण्यात आले. पाच आठवड्यांत जंतुसंसर्गाने तो दगावला. ही घटना गुटमन कधीच विसरले नाहीत.

पुढे ते ब्रेसलाऊमध्ये नामवंत मेंदू व मज्जातंतुतज्ज्ञ झाले. १९३३ मध्ये नाझी राजवट आल्यावर त्यांना ज्यू रुग्णालयापुरतेच काम उरले. नोव्हेंबर १९३८ मधील हिंसाचाराच्या रात्री आश्रयाला आलेल्या सर्वांना त्यांनी रुग्ण म्हणून दाखल करून घेतले आणि त्यांतील बहुतेकांना अटकेपासून वाचवले. १९३९ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला गेले.

१९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयातील मज्जारज्जू विभाग त्यांच्याकडे आला. हे रुग्ण मरत होते ते मुख्यतः पाठीवरच्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे. गुटमन यांनी प्लास्टरचे साचे काढून टाकले. दर दोन तासांनी रात्रंदिवस कूस बदलायची, लघवीच्या नळीची काटेकोर स्वच्छता राखायची आणि शक्य तितक्या लवकर व्यायाम सुरू करायचा, असा दंडक घातला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीवरील १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. तिचेच पुढे पॅरालिंपिक झाले. १९७२ च्या हायडेलबर्ग स्पर्धेत सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिले. १८ मार्च १९८० रोजी गुटमन यांचे निधन झाले.

आज एक्स-रे व सीटी स्कॅनमध्ये हाड दिसते, तर एमआरआयमध्ये मज्जारज्जू. हाड कॉलरने, वजन लावून किंवा स्क्रू-पट्टीने स्थिर करतात. आंतरराष्ट्रीय रोगसूचीच्या दहाव्या आवृत्तीत मानेच्या मणक्याच्या फ्रॅक्चरला एस १२, तर मानेतील मज्जारज्जूच्या इजेला एस १४ हा संकेतांक आहे. दोन्ही इजा असतील, तर दोन्हींची नोंद व्हायला हवी. केवळ एस १२ लिहिले, तर कागदावर उरते फक्त मोडलेले हाड. हातापायांतील गेलेली ताकद दिसतच नाही.

म्हणून अपघातस्थळी मान वळवू नये, जखमीला उचलून बसवू नये, रिक्षात कोंबू नये. १०८ वर फोन करून डोके व मान आहे तशीच धरून ठेवावी. आणि घरी परतलेल्या रुग्णाची कूस वेळेवर बदलावी. गुटमन यांचा हा साधा उपाय अंधेरी-बोरिवलीच्या एका खोलीच्या घरातही जीव वाचवतो.