घड्याळजीने पाडला पहिला सोन्याचा डॉलर

सोन्याच्या नाण्याची किंमत कशावर ठरते? नाण्यावरच्या राजमुद्रेवर, की आतल्या धातूवर? अमेरिकेतील एका खेड्यात, सरकारी शिक्क्याचा कोणताही आधार नसताना, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तोफर बेख्टलर या जर्मन घड्याळजीने आपल्या कामातून दिले. अमेरिकेतील पहिला सोन्याचा एक डॉलर सरकारने नव्हे, तर बेख्टलर यांनी पाडला.

जर्मनीतील बाडन प्रांतातले फोर्ट्झहाइम हे त्यांचे गाव. सोनारकाम व घड्याळे यांत वाकबगार असलेले बेख्टलर १८२९मध्ये अमेरिकेत आले आणि पुढच्याच वर्षी मुले व पुतण्यासह नॉर्थ कॅरोलिनातील रदरफर्डटन येथे स्थायिक झाले. या राज्यात १७९९पासून सोने सापडत होते. खाणमालक व शेतकरी यांच्याकडे सोन्याची भुकटी होती, पण हाती चलन नव्हते. देशातील एकमेव सरकारी टांकसाळ दूर फिलाडेल्फियात. तेथवरचा प्रवास खर्चिक आणि लुटारूंच्या भीतीचा. भुकटीनेच व्यवहार करावा, तर वजनात आणि कसात फसगत ठरलेली.

बेख्टलर यांनी १८३१मध्ये स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात देऊन, अल्प मोबदल्यात सोन्याची नाणी पाडून देण्याची तयारी दाखवली. राज्यांना नाणी पाडण्यास घटनेने मनाई केली होती. खासगी व्यक्तींना मात्र तेव्हा तशी बंदी नव्हती. पाच आणि अडीच डॉलरच्या नाण्यांपाठोपाठ एक डॉलरचे नाणे आले. सरकारी सुवर्ण डॉलर निघायला १८४९ साल उजाडले!

या नाण्यांवर ना गरुड होता, ना स्वातंत्र्यदेवता. होते ते पाडणाऱ्याचे नाव, सोन्याचा प्रांत, वजन आणि कॅरट. कॅरोलिनाच्या सोन्याचा कस कमी, म्हणून नाण्याचे वजन जास्त. जॉर्जियाच्या सोन्याचा कस अधिक, म्हणून वजन कमी, असा हा साधा हिशेब. १८३४च्या कायद्याने सरकारी नाण्यांतील सोने घटले, तेव्हा बेख्टलर यांनीही आपल्या डॉलरचे वजन ३० ग्रेनवरून २८ ग्रेनवर, म्हणजे सुमारे १.८ ग्रॅमवर आणले. पाच डॉलरच्या नव्या नाण्यांवर तर '१ ऑगस्ट १८३४' ही तारीखच कोरली. जुने कोणते आणि नवे कोणते, याविषयी घेणाऱ्याच्या मनात संशय राहू नये, हा त्यामागचा हेतू.

पुढे सरकारी तपासणीत त्यांची काही नाणी छापील किमतीपेक्षा किंचित कमी भरली. तरीही परिसरातील बाजारपेठेचा त्यांच्यावरचा विश्वास ढळला नाही. १८३८मध्ये शार्लट येथे सरकारी टांकसाळीत नाणी पडू लागली, तरी बेख्टलर यांचे काम सुरूच राहिले. १८४२च्या सुमारास त्यांचे निधन झाले. मुलगा ऑगस्ट व नंतर पुतण्या यांनी काही वर्षे व्यवसाय चालवला. १८६४मध्ये कायद्याने खासगी नाणी पाडण्यावर बंदी आली आणि बेख्टलर यांच्यासारख्या कारागिरांना वाट उरली नाही.

त्यांची बहुतेक नाणी वितळवली गेली. उरलेल्या मोजक्या नाण्यांचा आज संग्राहक कसून अभ्यास करतात. डॉलरच्या नाण्यांवर सालच नाही, त्यामुळे वजन, कॅरट, अक्षरांची वळणे यांवरूनच क्रम लावावा लागतो. काही नाण्यांवर 'एन' हे अक्षर चक्क उलटे उमटले आहे. ठशात राहिलेली कारागिराची ती चूक आज संशोधकांना नाण्यांचे प्रकार वेगळे ओळखण्यास उपयोगी पडते.

सरकारी शिक्का लोकांपर्यंत पोहोचला नव्हता, तेव्हा त्याची जागा वजन आणि कस उघडपणे सांगणाऱ्या एका नावाने घेतली. बेख्टलर यांच्या नखाएवढ्या डॉलरचे खरे मोल तेच आहे.