डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

ज्या मद्रास नगरीत आम्ही नोकरीनिमित्त आलो आणि अण्णा नगरात स्थिरावलो, तेथील मेडिकल कॉलेजात शिकलेल्या सुब्बारावांचे नाव आमच्या मराठी मंडळींत क्वचितच निघते, याचा खेद वाटतो.

त्यांचा जन्म १८९५ साली भीमवरमचा. दोन बंधू संग्रहणीने गेले. खादी वापरल्यामुळे इंग्रज प्राध्यापकांची मर्जी फिरली आणि पूर्ण पदवीऐवजी एल. एम. एस.वर समाधान मानावे लागले. मद्रासने नाकारलेला हा मनुष्य पुढे अमेरिकेस गेला. तेथे लेडर्ली कंपनीत त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली संग्रहणीवर गुणकारी असे फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत सिद्ध केले. बंधूंना मात्र ते लाभावयाचे नव्हते.

याच जीवनसत्त्वाचे सोंग घेऊन पेशींना फसविणारे विष म्हणजे अमिनोप्टेरिन. १९४८ साली डॉ. सिडनी फार्बर यांनी त्याने रक्ताच्या कर्करोगाची बालके काही काळ तरी सावरल्याचे प्रसिद्ध केले. तोवर तेवढेही कोणास साधले नव्हते. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड. परंतु ही विषे निरोगी पेशींनाही सोडीत नाहीत. म्हणून १९५८ साली फ्रान्समध्ये मेथोट्रेक्सेट प्रतिपिंडास जोडून उंदरांवर योजिले गेले: प्रतिपिंडाने रोगट पेशी हुडकावी, विषाने ती मारावी. आजची अशी औषधे त्याहून कितीतरी जहाल विषे वाहून नेतात.

सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्येच अमेरिकेत निवर्तले.