कमोडोर युराया लेव्ही



आपण कुलाब्याकडची माणसं. आंग्र्यांचं आरमार आपल्याला काही नवीन नाही. शत्रूची व्यापारी जहाजं धरायची आणि त्याचा पैसा तोडायचा, ही लढाईची जुनी रीत. १८१२ साली अमेरिकेचं इंग्रजांशी युद्ध झालं, तेव्हा तिथल्या सरकारने खाजगी जहाजमालकांना तसे परवाने दिले. पकडलेल्या मालात मालक आणि खलाशी वाटेकरी असत.

त्याच युद्धातले एक ज्यू खलाशी युराया फिलिप्स लेव्ही. जन्म फिलाडेल्फियात, २२ एप्रिल १७९२. दहाव्या वर्षी घर सोडून जहाजावर गेले, पण बार मिट्झवासाठी घरी परत आले, याचं मला फार कौतुक वाटतं. युद्धात परवान्याच्या जहाजावर पैसा मिळाला असता. त्यांनी नौदल पत्करलं. १८१३ मध्ये त्यांच्या ‘आर्गस’ जहाजाने इंग्लंडच्या दारातच वीसएक जहाजं पकडली. त्यातल्या एकावर लेव्हींना पाठवलं होतं. ते इंग्रजांनी परत घेतलं. मग सोळा महिने कैद. डार्टमूरच्या त्या तुरुंगात परवान्याच्या जहाजांवरचे अमेरिकन खलाशीही खूप होते.

सुटल्यावरही सुख नव्हतं. ज्यू म्हणून बरोबरीचे अधिकारी टोचून बोलत. लेव्हीही तापट, एका द्वंद्वात त्यांच्या गोळीने समोरचा माणूस मेला. सहा वेळा त्यांच्यावर लष्करी खटला झाला.

त्या काळी खलाशांना उघड्या पाठीवर चाबकाचे फटके देत. ‘व्हँडेलिया’ जहाजाचे कप्तान असताना लेव्हींनी एका पोराला फटके न देता थोडं डांबर आणि पोपटाची पिसं लावून सोडलं. त्यावरूनही १८४२ मध्ये खटला! मी नर्स होते. सोललेल्या पाठीचं ड्रेसिंग करताना माणूस कसा कळवळतो ते मी पाहिलंय. म्हणून मला वाटतं, त्या पोराची पाठ वाचवली हे वीस जहाजं धरण्यापेक्षा मोठं काम.

फटक्यांविरुद्ध ते लिहीत राहिले. दुसरेही झटत होते. १८५० मध्ये काँग्रेसने ती शिक्षा बंद केली. १८५५ मध्ये लेव्हींना नौदलातून काढलं. १८५७ मध्ये चौकशीपुढे स्वतःची बाजू मांडून ते परत आले आणि पुढे कमोडोर झाले.

२६ मार्च १८६२ रोजी ते न्यूयॉर्कला वारले. फटके बंद करण्यातलं आपलं काम थडग्यावर लिहावं, अशी त्यांची इच्छा होती. पकडलेल्या जहाजांचा हिशेब त्यांनी मागितला नाही.